संध्याकाळी काढलेलं माप

४ ऑगस्ट

ताई,

१. मार्चमध्ये कंपनीने मला तीन महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी परदेशी पाठवलं.

२. निघण्याआधी तू मला कुरिअरने बाबांचा उजवा पाय पाठवलास. म्हणजे कागदावर पाय ठेवून भोवती पेन्सिलीने काढलेली आकृती. त्या मापाने त्यांच्यासाठी चालायचे बूट आणायचे होते.

३. मी बूट घेतले.

४. मी परतायच्या आधीच्या आठवड्यात बाबा गेले. मी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. त्यांचं हृदय फेब्रुवारीपासून नीट काम करत नव्हतं, हे मला विमानतळावरून घरी येताना गाडीत कळलं.

५. पाहुणे पांगले त्या दिवशी स्वयंपाकघरात आपलं भांडण झालं. त्यानंतर तू माझ्याशी बोललेली नाहीस.

६. कंपनी मला पुन्हा तिथेच पाठवते आहे, या वेळी दोन वर्षांसाठी. महिनाअखेर मला होकार किंवा नकार द्यायचा आहे.

सहावा मुद्दा सोडला तर हे सगळं तुला माहीत आहे. तरी लिहिलं, कारण भांडणात आपण दोघींनी क्रम चुकवला होता.

मी म्हणाले होते, "तुम्ही सगळ्यांनी मिळून मला फसवलंत." तू म्हणालीस, "तुला कागद पाठवला होता ना? आणखी काय करायला हवं होतं, पाय कापून पाठवायचा?" आई म्हणाली, "हळू बोला गं, भिंतींना कान असतात." तू हातातलं पातेलं ओट्यावर ठेवलंस आणि चप्पल घालून निघून गेलीस. पातेलं उतरवलं तरी गॅस चालूच होता. तो मी बंद केला.

मला तुझ्याकडून एकच गोष्ट हवी आहे. आई खरंच बरी आहे का, ते सांग. तिला विचारून उपयोग नाही, ती बाबांच्याच शाळेत शिकली आहे. तू तिच्या शेजारच्या इमारतीत राहतेस, रोज तिला बघतेस. मी सहा तासांवर. ती बरी असेल तर मी जाईन. नसेल तर जाणार नाही.

पण त्याआधी तुला उत्तर द्यायला हवं. कागद पाठवला होता, असं तू म्हणालीस. त्या कागदाचं मी काय केलं ते मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. पुढच्या पत्रात लिहिते. आज कारखान्यात तपासणी आहे.


९ ऑगस्ट

ताई,

परदेशातून काय आणावं, याबद्दल माझे नियम होते. शोभेची वस्तू नको, कारण ती वर्षभरात कपाटावर जाते आणि मग कपाटाचीच होते. इथे मिळणारं काही नको. फुटणारं नको. ज्याच्यासाठी आणायचं त्याच्या रोजच्या वापरात यायला हवं. हॉटेलच्या रस्त्यावर आठवणवस्तूंची ओळीने सात-आठ दुकानं होती. चुंबकं, किल्ल्यांच्या साखळ्या, काचेच्या गोळ्यात बर्फ पडणारं शहर. उलटून पाहिलं तर सगळं भलत्याच देशात बनवलेलं. आत्याने बजावलं होतं, "काहीही आण, पण तिथलंच असू दे. नाहीतर मागे एकीने बाहेरून आणलेला टॉवेल इथल्याच गिरणीचा निघाला होता, तसं व्हायचं." तिला मी तिथल्या मेंढ्यांच्या लोकरीचे पायमोजे घेतले. भाऊजी म्हणाले होते, "बाईसाहेब, गॅरेजला एक पाना आणा. चांगल्या पोलादाचा. बाकी तुमची मर्जी." पाना घेतला. आई म्हणाली होती, "मला काही नको, तू धड परत ये." तिला स्वेटर घेतला. तू काहीच सांगितलं नव्हतंस. तुला भाजीची सुरी घेतली, कारण तुझी सुरी दगडावर घासून घासून अर्धी राहिली आहे.

आणि बाबांचे बूट. त्यामागचं कारण तुलाही ठाऊक आहे. मिशीवाल्या काकांच्या मुलाने त्यांना बाहेरून बूट पाठवले होते आणि काका रोज सकाळी फिरताना सांगायचे, "पायाला ढग बांधल्यासारखं वाटतं." बाबा फोनवर मला म्हणाले होते, "ढग बांधलेत, पण चालतो बैलगाडीसारखाच. मिलिमीटर, मला एक जोड आण. या मिशीला एकदा मागे टाकायचंय."

तुझं पाकीट मिळालं तेव्हा माझी बांधाबांध चालू होती. व्हिसा उशिरा आल्यामुळे घरी येऊन जायला जमलं नाही. तेव्हा आले असते तर हे पत्रच लिहावं लागलं नसतं. पण ते वेगळं.

कागदाच्या कोपऱ्यात तू लिहिलं होतंस, "संध्याकाळी काढलंय. नीट बघ."

मी नीट बघितलं, ताई. माझं कामच ते आहे. कारखान्यात दिवसभर मी धातूचे सुटे भाग मोजते आणि कुठे किती चूक आहे ते सांगते. तुझ्या आकृतीची लांबी बरोबर होती, बाबांच्या नेहमीच्या आठ नंबरची. रुंदी मात्र पंजाजवळ एकशे अठरा मिलिमीटर भरली. आठ नंबरच्या पायाची साधारण एकशे दोन असते. म्हणजे सोळा जास्त.

सोळा मिलिमीटरचा मी हिशोब लावला. पेन्सिलीला जाडी असते. तिचं टोक पायाला चिकटत नाही, अर्ध्या जाडीने बाहेर राहतं. दोन्ही बाजूंचे मिळून सात गेले. संध्याकाळी पाय थोडा फुगतो, सगळ्यांचाच. तू तसं लिहिलंच होतंस. माझी समजूत अशी झाली की हे तू मला मापातून वजा करण्यासाठी कळवलं आहेस. त्याचे चार गेले. उरलेले पाच मी तुझ्या हाताच्या नावावर टाकले. पेन्सिल तिरकी धरली असणार. लहानपणापासून तू तिरकीच धरतेस.

हिशोब जुळला. हिशोब जुळला की मी पुढे जाते.

दुकानातल्या मुलीने कागदावर पट्टी ठेवली आणि रुंद पंजाचा जोड काढून दिला. तिथे तसे वेगळे मिळतात. मी तिला म्हणाले, कागद चुकीचा आहे. ती म्हणाली, "कागद तुम्हीच आणलाय." तो जोड दिसायला बेढब होता, बदकाच्या पायांसारखा. बाबा तो घालून मिशीवाल्या काकांसमोर गेले असते तर वर्षभर चिडवणं ऐकलं असतं. मी साधा आठ नंबर घेतला.

दुकानातूनच मी तुला फोन केला होता. रंग विचारायला. काळा की तपकिरी? तू बराच वेळ काही बोलली नाहीस. मला वाटलं, लाइन खराब आहे. मी दोनदा "हॅलो" म्हणाले. मग तू म्हणालीस, "तपकिरी."

कागदाचं मी काय केलं ते हे असं आहे.


१४ ऑगस्ट

ताई,

काल भाऊजी इथे येऊन गेले. गॅरेजचे सुटे भाग न्यायला आले होते म्हणाले. सुटे भाग तुमच्या गावातही मिळतात, हे मी त्यांना बोलून दाखवलं नाही. कारखान्याच्या दारासमोर चहाच्या टपरीवर बसलो. त्यांनी दोन चहा सांगितले आणि दोन्ही त्यांनीच प्यायले.

"तुझी पत्रं आलीत," ते म्हणाले. "ती वाचत नाही, असं ती म्हणते."

"मग?"

"मग काय? पाकीट फोडलेलं असतं. मी तर फोडलं नाही."

मी विचारलं, पत्रांबद्दल ती काही बोलली का. ते म्हणाले, "बाईसाहेब, तुमच्या घराण्यात बोलायचा परवाना कुणाकडे आहे? सासरे होते तोवर ते सगळ्यांच्या वाटचं बोलायचे. आता घरात कुकरच बोलतो."

मग त्यांनी मला तो दिवस सांगितला. तू सांगितला नसतास म्हणून.

डॉक्टरांनी हृदयाचं पंपिंग कमी झालंय असं सांगितलं, तेव्हा बाबांनी तुम्हा तिघांना समोर बसवलं आणि म्हणाले, "तिची पहिली परदेशवारी आहे. माझ्या पायांपायी तिचे पाय अडकवायचे नाहीत. तिला कुणी एक शब्द जरी सांगितला, तर माझ्याशी गाठ आहे." आई रडली. भाऊजी हो म्हणाले. तू त्यांच्या पायांकडे बघत बसलीस.

बुटांसाठी बाबा नुसतं "आठ नंबर सांग तिला" म्हणत होते. तू ऐकलं नाहीस. "तिला आकडा सांगितला की कुठल्या पट्टीने मोजला ते विचारते," असं म्हणालीस. बाबांना ते पटलं. तू सकाळी कागद काढला नाहीस. दिवसभर थांबलीस. हृदयामुळे पायांवर येणारी सूज पुरती चढली तेव्हा त्यांना भिंतीला धरून उभं केलंस आणि गुडघ्यांवर बसून पेन्सिल फिरवलीस. सरळ धरून, असं भाऊजी म्हणाले. त्यांनी मुद्दाम सांगितलं, म्हणजे त्यांनी माझं पत्र वाचलं आहे. बाबांनी खाली बघून विचारलं, "हा हत्तीचा पाय कुणाचा गं?" आणि स्वतःच हसले. त्या आठवड्यात भाऊजींनी त्यांच्या चपलेचा पट्टा कापून दिला होता. पाय आत जात नव्हता.

पाकीट टाकून तू घरी आलीस आणि म्हणालीस, "शब्द सांगू नका म्हणाले होते. कागदाचं काही म्हणाले नव्हते."

मी भाऊजींना विचारलं, "तिला खात्री होती, मला कळेल म्हणून?"

"खात्री?" ते म्हणाले. "फोन वाजला की हातातलं टाकून धावायची. ज्या दिवशी तुझा तिकडून फोन आला ना, त्या दिवशी नाव बघून मला डोळ्यांनी खूण केली. कळलं तिला, अशी. आणि तू विचारलंस, काळा की तपकिरी."

यावर मी काय म्हणाले ते लिहीत नाही. भाऊजी सांगतील. त्या टपरीवर धूर फार असतो.

निघताना ते म्हणाले, "पाना झकास आहे हं." मग म्हणाले, "सुरी अजून खोक्यात आहे. पण फेकलेली नाही."

आता एक गोष्ट लिहिते, ती तुला आवडणार नाही. तू बाबांचा शब्द मोडला नाहीस आणि मला सांगण्याचा प्रयत्नही केलास, दोन्ही एकदम. त्यामुळे जे व्हायचं ते माझ्या डोळ्यांवर आलं. मी चुकले. पण ज्याच्यावर एवढं अवलंबून होतं ते तू कोड्यात घातलंस, तेही तुझ्या बहिणीला, जिला घरात सगळे मिलिमीटर म्हणतात. रंग विचारला तेव्हा दुकानात उभ्या असलेल्या मला तू एक वाक्य बोलू शकत होतीस. "बूट राहू दे, तू ये." मी दुसऱ्या दिवशीच्या विमानाने आले असते. मला तीन महिने पूर्ण करायचे नव्हते, ताई. ते करायचेत असं फक्त बाबांना वाटत होतं.

फोनवर मी त्यांना दर रविवारी विचारायचे, चालायला जाता ना? ते खुर्चीत बसलेले असायचे, मोबाइल आईच्या हातात. फक्त चेहरा दिसायचा. "रोज," ते म्हणायचे. "आज तर मिशी फाटकापाशीच दमला." आईच्या हातातला मोबाइल हलायचा. मी म्हणायचे, आई, स्थिर धर.


१९ ऑगस्ट

ताई,

शनिवार-रविवार आईकडे राहून आले. तू आली नाहीस. तुझ्या गॅलरीत कपडे वाळत होते आणि थोड्या वेळाने काढलेले दिसले, म्हणजे तू घरात होतीस.

इमारतीच्या फाटकाशी मिशीवाले काका बाकावर बसले होते. मला बघून त्यांनी दोन्ही पाय बाकाखाली ओढून घेतले. तपकिरी टाच तरी दिसलीच. आईने त्यांना बूट दिलेत, हे मला माहीत नव्हतं. मी म्हणाले, "काका, बरोबर बसतात ना?" ते म्हणाले, "बसतात गं. माझाही आठच नंबर." मग म्हणाले, "घालू नको म्हणत असशील तर काढतो." मी म्हणाले, घाला. वापरात असावेत. ते उठले नाहीत. मी जिन्यापर्यंत जाईस्तोवर पाय बाकाखालीच ठेवून बसले होते.

आईने दार उघडलं तेव्हा तिच्या अंगात मी आणलेला स्वेटर होता. बाहेर उकडत होतं.

"कशी आहेस?"

"मला काय धाड भरलीये? ठणठणीत आहे. तूच वाळलीयेस. तिकडे जेवायला देत नव्हते का?"

स्वेटर मी तिच्या नेहमीच्या मापाचा घेतला होता. त्याची खांद्याची शिवण खाली दंडावर आली होती आणि बाह्या बोटांपर्यंत. माझ्या डोक्यात लगेच कारणं तयार झाली. लोकर धुतल्यावर सैल पडते. तिने तो दोरीवर टांगून वाळवला असेल, त्याने ताणला गेला. तिकडची मापं ढगळ असतात. तीन कारणं, आणि तिन्ही बरोबर असू शकतात. मी मनातल्या मनात सेंटिमीटर वाटायला घेतले होते. मग मी थांबले.

दुपारी खाली दूध आणायला गेलो. परत येताना ती पहिल्या मजल्यावर थांबली आणि मोबाइल काढून बघितला. दुसऱ्या मजल्यावर पुन्हा थांबली, पुन्हा मोबाइल. मी म्हणाले, "कुणाचा मेसेज आहे?" म्हणाली, "कुणाचा नाही गं, वेळ बघितली." मोबाइल बंद होता. काच काळी होती.

जेवताना मी म्हणाले, "एवढंसंच?"

"एकटीला जेवायची सवय राहत नाही. थोडंसं शिजवलं की पातेल्याला लागतं, आणि त्या वासाने भूक मरते."

"ताईकडे का जेवत नाहीस?"

"तिच्याकडे काय कमी कामं आहेत? शिवाय ती गप्प बसून वाढते. तसं वाढलेलं अंगी लागत नाही." मग हळूच, "तू तिला पत्रं लिहितेस ना? लिहीत जा. ती मोठी असली तरी हट्टाला तुझ्यापेक्षा धाकटी आहे."

मी तिला दोन वर्षांचं सांगितलं. तिला आधीच माहीत होतं. म्हणजे तू पत्र वाचून तिला सांगितलंस, किंवा भाऊजींनी. ती म्हणाली, "जा की. दोन वर्षं म्हणजे काय, डोळे मिटून उघडेपर्यंत सरतील." ती ते इतक्या पटकन म्हणाली की मला बाबांचा आवाज ऐकू आला.

"आई, डॉक्टरकडे गेली होतीस का?"

"ताई नेते ना. तिला विचार."

"काय म्हणाले डॉक्टर?"

"ताईला विचार म्हटलं ना." आणि ताट उचलून आत गेली. नळ बराच वेळ चालू होता.


२१ ऑगस्ट

ताई,

हे शेवटचं पत्र. पुढे लिहिण्यासारखं माझ्याकडे काही उरत नाही.

मला जायचं आहे, हे आधी लिहिते, म्हणजे तुला वाटू नये की मी निमित्त शोधते आहे. काम चांगलं आहे. तिथे मला मिलिमीटर म्हणून कुणी हसत नाही, तिथे सगळेच तसे आहेत. संध्याकाळी नदीकाठी लोक एकेकटे चालतात आणि कुणी कुणाला विचारत नाही की एकटी का. मला ते आवडलं होतं. बाबा गेल्यावरही आवडतं, याची लाज वाटते, पण आवडतं.

आणि मला जायचं नाही, कारण आईचे दोन थांबे मी पाहिलेत.

या दोन्हींमध्ये मी स्वतः निर्णय घेऊ शकत नाही. कारण स्वतःच्या बघण्यावर माझा विश्वास उरलेला नाही. एकदा मी सोळा मिलिमीटर खोडून काढले. आता भीतीने प्रत्येक शिवणीत आजार बघेन. दोन्ही वेळा चूक माझीच, फक्त दिशा उलटी. कारखान्यात असं झालं की आम्ही दुसऱ्या माणसाकडून मोजून घेतो. माझ्याकडे दुसरं माणूस तूच आहेस.

तिने तुला शपथ घातली असेल. बाबांनी घातली होती, तशीच. घातली असेल तर ती मोड. मी धाकटी म्हणून हट्ट करत नाही, विनवते आहे. बाबांच्या वेळी तू शब्द पाळलास आणि त्याची शिक्षा तू भोगते आहेस, मी भोगते आहे आणि कुकर भोगतो आहे. मला आणखी काही पाठवू नकोस. रिपोर्टचा फोटो नको, औषधाची पट्टी नको, भाऊजी नकोत. मला खुणा वाचता येत नाहीत, हे आपण दोघींनी सिद्ध केलं आहे. मला सांगितलं तरच कळतं. हा माझा दोष असेल तर असू दे, पण तू तो धरून चाल.

तू माझ्याशी बोललीच पाहिजेस असं नाही. रागावलेली राहा. मीही अजून रागावलेली आहे, तुझ्यावर थोडी आणि एका मेलेल्या माणसावर पुष्कळ. त्याच्याशी भांडता येत नाही, म्हणून आपण एकमेकींशी भांडतो, असं मला वाटतं. हे चूकही असेल.

डॉक्टर आईबद्दल काय म्हणाले, ते तुझ्या शब्दांत लिही. मग खाली "जा" किंवा "जाऊ नकोस" यातलं एक. तू जे लिहिशील त्यात मी काही मिळवणार नाही, काही वजा करणार नाही.

मला कंपनीला सोमवारी, एकतीस तारखेला कळवायचं आहे. तुझं उत्तर शुक्रवारी, अठ्ठावीस तारखेपर्यंत माझ्या हातात पडेल असं पाठव.